‘वेट’खालचा नववा शब्द

कोश विभागाच्या खोलीचे दार आत उघडते आणि उघडले की पहिल्या टेबलावर आपटते. म्हणून बाहेरून कोणी आले की त्या टेबलामागच्या बाईंना आधी उठावे लागते, खुर्ची मागच्या कपाटाला टेकवावी लागते, मग येणारा आत येतो. एकतीस वर्षे त्या अशा उठत आल्या आहेत. नव्या माणसाला वाटते, बाई आपल्याला मान देत आहेत.

खोलीला खिडकी आहे, पण तिच्यापुढे कार्डांचे कपाट उभे आहे. कपाट हलवायचे तर आतली सव्वादोन लाख कार्डे आधी बाहेर काढावी लागतील आणि ती ठेवायला जागा नाही. पलीकडे बांधणीखाते आहे. तिथले कागद कापायचे यंत्र खाली आले की इथला चहा कपात थरथरतो. खोलीत माणसे तीन. बाई, एक संगणकावर मजकूर चढवणारा आणि एक मुद्रितशोधक. मुद्रितशोधक बुटका आहे आणि वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला थांबतो, म्हणून त्याला सगळे स्वल्पविराम म्हणतात.

बाईंना म्हणतात पर्यायबाई. बांधणीतल्या एकाने फार वर्षांपूर्वी त्यांना विचारले होते, “बाई, जेवण झालं का?” त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “झालं म्हणण्यापेक्षा उरकलं म्हणा.” नाव त्या दिवशी चिकटले. आता तोंडावरही तेच म्हणतात आणि त्याही ओ देतात.

इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ वेगळे करायचे, एकेका अर्थाखाली आपल्या भाषेतले प्रतिशब्द लावायचे, आणि प्रत्येक प्रतिशब्दामागे निदान दोन दाखले कार्डावर उतरवून ठेवायचे, हे त्यांचे काम. दाखला नाही तर शब्द नाही. थोरल्या संपादकांनी घालून दिलेला हा नियम ते गेल्यावरही मोडलेला नाही. डब्ल्यू अक्षर बाईंच्या वाट्याला आले तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. त्यातला ‘वेट’, म्हणजे वाट पाहण्याचा वेट, त्यांनी अकरा आठवडे हाताळला. वजनाचा आणि ओला वेट दोन दिवसांत उरकले होते.

अकरा आठवडे लागले, कारण थांबणे हा शब्द सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहत होता आणि मागच्यांना पुढे येऊ देत नव्हता. बाईंनी एकेकाला बाजूला घेतले. खोळंबणाऱ्याचे काम अडलेले असते. तिष्ठणाऱ्याचा मान अडलेला असतो; तो कोणाच्या तरी मर्जीवर उभा असतो. ताटकळणाऱ्याचे पाय दुखतात. प्रतीक्षा करणाऱ्याचे काहीच दुखत नाही, तो बहुधा पत्र लिहीत असतो. दबा धरणाऱ्याला वाट पाहायची असते पण दिसायचे नसते. शेवटी ‘वेट’खाली नऊ शब्द लागले. आठांना दाखले होते. नवव्याला नव्हता, कारण तो राखण होता.

राखण ही त्या प्रकाशनगृहाची जुनी रीत. शब्दकोश चोरायला सोपा असतो. थांबणे म्हणजे थांबणे. ते आमच्याकडून उचलले की तुमच्या डोक्यातून आले, हे कोण सिद्ध करणार? म्हणून प्रत्येक अक्षरात एक खोटा शब्द पेरायचा. कुठेच नसलेला, आपण बनवलेला. चोर शेत कापून नेतो तेव्हा राखणही नेतो आणि तिच्यावरून पकडला जातो. शब्द बनवणाऱ्याने एका छापील कागदावर सही करायची, कागद लाखेने बंद पाकिटात जायचा आणि पाकीट मालकांच्या तिजोरीत. कागदावरचा मजकूर ठरलेला होता: ‘हा शब्द मी स्वतः बनवला असून तो कोणत्याही ग्रंथात, बोलीत अगर माझ्या ऐकिवात नाही.’

बाकीच्यांनी आपापल्या राखणी कोपऱ्यात बसवल्या होत्या. कुठल्या तरी माशाच्या नावात, सुताराच्या एखाद्या हत्यारात, जिथे सहसा कोणी फिरकत नाही. बाईंनी राखण भर रस्त्यात, ‘वेट’खाली उभी केली. थोरल्या संपादकांनी भुवया वर केल्या.

“इतक्या वर्दळीच्या ठिकाणी?”

“चोर वर्दळीतलेच शब्द उचलणार ना. माशाचं नाव कोण चोरतंय?”

“आणि शब्द काय बनवलात?”

“उंबरणे. उंबऱ्यात उभं राहून वाट पाहणे.”

थोरल्यांनी तो दोनदा पुटपुटून पाहिला. “हंबरण्यासारखा वाटतो. म्हणजे खपेल,” म्हणाले आणि पाकीट बंद केले. शब्द कसा सुचला असे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर बाईंना सांगता आले नसते. एका दुपारी तो कार्डावर उतरला होता, खाडाखोड न करता. त्याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता.

चोवीस वर्षांत उंबरणे खपले. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आले, कवितांत आले, आठवीच्या पुस्तकात समानार्थी शब्दांच्या यादीत आले. बाईंना गंमत वाटायची. स्वल्पविराम म्हणायचा, “बाई, तुमचं पोरगं, चांगलंच वाढतंय हो.”

मग एक दिवस धाकटे मालक खोलीत आले. बाई उठल्या, खुर्ची कपाटाला टेकवली. थोरले मालक वारल्यापासून धाकटे या खोलीकडे फक्त जागेच्या हिशेबाने बघत होते. बांधणीखाते वाढवायचे होते. आज मात्र चेहरा वेगळा होता. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात एका बड्या कंपनीचा फुकट शब्दकोश होता, लाखो लोकांनी उतरवून घेतलेला. ‘वेट’ उघडलेला होता. नऊ शब्द, त्याच क्रमाने.

“सापडले,” धाकटे म्हणाले. “बाकीच्या राखणी त्यांनी घेतलेल्याच नाहीत, नेहमीचेच दहा हजार शब्द उचललेत. तुमची एकटीची सापडली. बाई, तुम्ही नसतात तर आपण बसलो असतो बोंबलत.”

दावा लागला. धाकट्यांनी खोलीतल्या तिघांना स्पष्ट सांगितले, आणि ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. जिंकलो तर कंपनीला परवाना घ्यावा लागेल आणि विभाग पुढे चालेल. हरलो तर खोली बांधणीला जाईल. कार्डांचे काय, असे बाईंनी विचारले. “कोणी फुकट नेत असेल तर देऊन टाकू. नाहीतर रद्दी,” ते म्हणाले.

कंपनीचे म्हणणे असे होते की उंबरणे हा लोकांच्या तोंडचा शब्द आहे, त्यांनी तो लोकांकडूनच घेतला. पुराव्यादाखल त्यांनी एकसष्ट कात्रणे जोडली होती. प्रकाशनगृहाच्या वकिलांनी त्या सगळ्यांच्या तारखा लावल्या. एकही कोशाच्या आधीची नव्हती. तेव्हा दावा पाकिटावर आणि पाकिटावर सही करणाऱ्या बाईंवर आला. थोरले संपादक हयात नव्हते. बाईंनी प्रतिज्ञापत्रावर सही केली, त्यात तेच जुने वाक्य होते, ‘माझ्या ऐकिवात नाही’ यासकट. उलटतपासणीची तारीख पडली.

तारखेला अकरा दिवस राहिले असताना हे झाले.

बाई मावशीबरोबर राहतात. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही. मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. सकाळी त्यांची खुर्ची दाराजवळ लावायची आणि दार उघडे ठेवायचे. जिन्यावरून जाणारी येणारी माणसे हाच त्यांचा दिवस. सांभाळायला एक ताई येते. ती आल्याशिवाय बाईंना निघता येत नाही.

त्या दिवशी ताईला उशीर झाला होता. बाई खांद्याला पिशवी लावून दारात उभ्या होत्या, एकदा जिन्याकडे बघत, एकदा घड्याळाकडे. मावशी वैतागल्या.

“जा ना. नाहीतर आत ये आणि बस. उंबरतेस काय मेले मघापासून?”

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

“हे कुठून काढलंस?”

“काय कुठून काढलं?”

“उंबरणं.”

“त्यात काढायचं काय? तोंडातून निघालं.”

“ताईच्या मोबाइलवर ऐकलंस? की रेडिओवर?”

“तुला बरं नाहीये का?” मावशी म्हणाल्या. “आई म्हणायची आमची. दारात उंबरू नका, वाऱ्याची वाट अडते. आम्हालाच म्हणायची असं नाही. तूसुद्धा काय कमी उंबरायचीस? तुझी आई सूतगिरणीत जायची, तू माझ्याकडे. संध्याकाळी तिची सुटायची वेळ झाली की दारात. आत बोलावलं तर यायची नाहीस, बाहेर खेळ म्हटलं तर जायची नाहीस. कितीदा ओरडले असेन.”

“केवढी होते मी तेव्हा?”

“शाळेत घातली नव्हती.”

ताई आली. बाई निघाल्या. जिने उतरताना त्या हिशेब मांडत होत्या, कार्डांचा हिशेब. मावशींना वाचता येत नाही. पण कानावर पडायला वाचता यावे लागत नाही. चोवीस वर्षांत शब्द कुठूनही आला असेल आणि म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत आईच्या तोंडी जाऊन बसला असेल. असे होते. यावरून दाखला धरता येत नाही. इथपर्यंत ठीक होते. अडचण वेगळीच होती. बाईंनी अर्थ लिहिला होता, उंबऱ्यात उभे राहून वाट पाहणे. एकसष्ट कात्रणांत तोच अर्थ होता, बहुतेक जागी प्रेयसी आणि चांदण्यासह. मावशींनी वापरला तो अर्थ कोशात नव्हता. ना आत, ना बाहेर. दुसऱ्याची वाट अडवत उभे राहणे. त्यात वाट पाहणे होते, पण चिडून सांगितलेले. असा अर्थ कोणी कोशातून उचलू शकत नाही, कारण तो तिथे ठेवलेलाच नव्हता.

दुसरा दाखला घ्यायचा तर नियम असा की शब्द आपण उच्चारायचा नाही. वर्णन करायचे आणि समोरच्याच्या तोंडून काढायचा. मावशींचा चुलतभाऊ, बाईंचा मामा, दुसऱ्या गावी असतो. शिंपी होता, शाळेत कधी गेला नाही. कानाने कमी ऐकतो आणि मावशींशी त्याचे वीस वर्षे बोलणे नाही, म्हणजे साक्षीदार म्हणून उत्तम. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत छापखान्याच्या मागच्या बाजूला जाऊन फोन लावला.

“मामा, एखादं माणूस दारातच उभं राहतं. आत येत नाही, बाहेर जात नाही. त्याला घरी काय म्हणायचे?”

“कोण आलंय दारात?”

“कोणी नाही आलं. शब्द विचारतेय.”

“काही विकायला आला असेल तर हाकलून दे.”

“मामा, लहानपणचं विचारतेय. तुम्ही दारात उभे राहिलात की तुमची काकू काय म्हणायची?”

“काकू?” मामा हसायला लागला. “काकू काय म्हणणार, पाठीत घालायची. उंबरू नकोस रे टोणग्या, कुठल्या तरी एका बाजूला हो. तोंड फार वाईट तिचं.” मग थोडा थांबून, “का गं? ही बरी आहे ना? तुझी मावशी?”

“बरी आहे.”

“मी विचारलं म्हणून सांगू नकोस.”

बाई खोलीत परत आल्या. दोन दाखले झाले होते, दोन्ही निरक्षर तोंडचे, एकमेकांना न विचारता दिलेले. विभागाच्या नियमाने उंबरणे हा शब्द सिद्ध झाला होता. त्यांनी कोरे कार्ड पुढे ओढले, वरच्या कोपऱ्यात तारीख टाकली आणि कार्ड परत गठ्ठ्यात सरकवले. दाखला मिळाला आणि कार्ड झाले नाही, असे एकतीस वर्षांत पहिल्यांदा घडले.

ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता ती त्यांनी केलेलीच नव्हती. शाळेत घालण्याआधी कानावर पडलेला शब्द तेहतिसाव्या वर्षी वर आला आणि त्यांना तो आपला वाटला. ही चूक कोशवाल्यांकडूनच होऊ शकते. दुसऱ्या कोणाला खोटा शब्द बनवायची गरज पडत नाही.

त्यांनी आधी स्वल्पविरामला सांगितले. संगणकवाला तेव्हा चहाला गेला होता. स्वल्पविरामने सगळे ऐकून घेतले, पेन्सिल कानावर ठेवली.

“म्हणजे, शब्द खरा आहे.”

“खरा आहे.”

“आणि हे, तुम्हाला कधी कळलं?”

“परवा.”

“सही केलीत तेव्हा, माहीत नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वीही नव्हतं, आणि प्रतिज्ञापत्राच्या वेळीही. मग, तुम्ही खोटं कुठे बोललात?”

“अजून नाही बोलले. तारखेला बोलेन.”

“बाई, तुमचं एक वर्ष राहिलंय. तुम्ही सुटाल. मी चव्वेचाळीस वर्षांचा, मुद्रितं तपासणारा आहे. मला, सांगा, कोण घेणार? मशीन तपासतंय आता, वाईट तपासतं, पण तपासतं.” त्याने कपाटाकडे हात केला. “आणि हे? एका शब्दासाठी, सव्वादोन लाख रद्दीत?”

“त्या सव्वादोन लाखांतलं प्रत्येक कार्ड खरं आहे म्हणूनच त्यांची किंमत आहे ना?”

“किंमत, रद्दीवाला ठरवेल,” स्वल्पविराम म्हणाला. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि मुद्रितात डोके घातले. त्याचा राग बाईंना समजला. तो बरोबर बोलत होता, हीच त्यातली अडचण होती.

प्रकाशनगृहाच्या वकिलांकडे त्या ठरवून गेल्या. त्यांचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या थप्प्यांमधून जायला एकच माणूस मावेल एवढी वाट. बाईंनी पहिले वाक्य उच्चारले आणि वकिलांनी हात वर केला.

“थांबा. तुम्ही मला काही सांगणार आहात, की विचारणार आहात?”

“सांगणार आहे.”

“मग सांगू नका. विचारा.”

बाईंनी विचार करून शब्द जुळवले. “समजा, एखाद्या साक्षीदाराला सही केल्यानंतर काही कळलं.”

“समजलो. असं काही कळत नसतं.”

“पण समजा.”

“समजा कळलं आणि तिने ते कोर्टात सांगितलं, तर दावा तिथेच संपला. शिवाय प्रतिज्ञापत्र खोटं का केलंत, म्हणून तिलाच विचारतील. कळलं नव्हतं, हे ती कशावरून सिद्ध करणार?”

“आणि आठवत नाही म्हणाली तर?”

“ते तर सगळ्यात वाईट. आठवत नाही म्हणजे असेल. समोरचे वकील एवढीच फट शोधताहेत.” त्यांनी चष्मा पुसला. “आजारी पडणं चालणार नाही, पुढची तारीख आठ महिन्यांनी मिळेल आणि तुमचे मालक तोवर थांबणार नाहीत. बाई, तुम्हाला एक शब्द बोलायचाय. नाही. एवढ्या सोप्या साक्षीला लोक पैसे देतील.”

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर वकील मागून म्हणाले, “आणि आपण आज भेटलो नाही.”

उरलेले दिवस त्या कामावर गेल्या, वेळेवर परत आल्या, मावशींच्या गोळ्या दिल्या. घरात त्या दारात उभ्या राहीनाशा झाल्या. ताईला उशीर झाला तर खुर्चीवर बसून वाट पाहायच्या. मावशींनी तो शब्द पुन्हा काढू नये, एवढेच त्यांना हवे होते. मावशींनी तो काढला, दोनदा. एकदा शेजारच्या मांजरीसाठी आणि एकदा गॅसवाल्यासाठी. प्रत्येक वेळी बाईंच्या डोक्यात आपोआप क्रमांक पडला. दाखला तीन. दाखला चार.

कोर्टाची खोली त्यांना वाटली होती त्याहून लहान निघाली. पंखा बंद होता. कठडा मांडीपर्यंत येत होता आणि आत वळायला जागा नव्हती. धाकटे मालक दुसऱ्या रांगेत बसले होते, स्वल्पविराम सगळ्यात मागे. तो रजा टाकून आला होता.

समोरचे वकील सभ्य होते. आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी आधी बाईंचे शिक्षण, नोकरीची वर्षे विचारली, मग कोश उघडला.

“थांबणे हा शब्द तुम्ही बनवलात?”

“नाही.”

“तिष्ठणे?”

“नाही.”

“म्हणजे आठ शब्द लोकांचे आणि नववा एकट्या तुमचा.” खोलीत कोणीतरी हसले. “बाई, तुम्ही शब्द बनवता तेव्हा नेमकं काय करता? उजेडाकडे बघत बसता का?”

“आमच्या खोलीत उजेड येत नाही,” बाई म्हणाल्या. न्यायाधीशांनीही मान वर करून पाहिले.

“बरं. उंबरणे कसा बनवलात?”

“उंबरा या नामावरून क्रियापद केलं. अशी रीत भाषेत आहे. हातावरून हाताळणे, फळावरून फळणे.”

“इतकी सोपी रीत असेल तर तुमच्या आधी दुसऱ्या कोणाला सुचलं नसेल, हे संभवतं का?”

बाईंनी कठड्यावर हात ठेवले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला अकरा दिवस विचारला होता. “सुचलं असू शकेल,” त्या म्हणाल्या. “दाखला मिळायला हवा. तुमच्या एकसष्ट दाखल्यांतला एकही आमच्या आधीचा नाही.”

प्रकाशनगृहाचे वकील खाली बघून कागदावर काही तरी लिहू लागले. समोरच्यांनी कात्रणांची फाइल बाजूला ठेवली. आता त्यांच्याकडे फारसे काही उरले नव्हते आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होते. उरला तो नेहमीचा, विचारायचा म्हणून विचारायचा प्रश्न. तो विचारताना त्यांनी बाईंकडे पाहिलेही नाही, ते आपल्या कागदांची टोके जुळवत होते.

“कोशात घालण्यापूर्वी हा शब्द तुम्ही कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता? घरी, दारी, लहानपणी?”

लहानपणी हा शब्द त्यांनी सहज जोडला होता. बाईंना मावशीच्या जुन्या घराचे दार दिसले नाही, आईही दिसली नाही. त्यांना त्या काळातले काहीच आठवत नव्हते. आठवत नाही हे अगदी खरे उत्तर होते आणि तेच देता येत नव्हते.

“साक्षीदार, मोठ्याने बोला,” न्यायाधीश म्हणाले, कारण बाईंचे ओठ नुसतेच हलले होते.

“नाही,” बाई म्हणाल्या. “ऐकला नव्हता.”

टंकलेखकाने ते उतरवून घेतले. समोरच्या वकिलांनी आणखी प्रश्न नाहीत म्हणून सांगितले.

निकाल चार महिन्यांनी लागला. उंबरणे हा शब्द वादी प्रकाशनगृहाच्या कर्मचाऱ्याने निर्माण केलेला आहे, कोशापूर्वी त्याला लोकभाषेत अस्तित्व नव्हते, असे त्यात पान सतरावर नोंदले आहे. कंपनीने परवाना घेतला. विभागाला पाच वर्षे मिळाली, संगणक नवा आला, स्वल्पविरामची नोकरी कायम झाली. त्याने पेढ्यांऐवजी बाईंच्या टेबलावर एक नवी पेन्सिल आणून ठेवली. धाकट्या मालकांनी बाईंना निवृत्तीनंतरही दोन वर्षे राहायची विनंती केली. नाही म्हणायला कारण सापडले नाही.

उघडी पडलेली राखण पुढच्या आवृत्तीत ठेवायची नाही, असाही प्रकाशनगृहाचा नियम आहे. ‘वेट’चे मुद्रित आले तेव्हा नवव्या शब्दावर काट मारायचे काम बाईंकडेच आले. त्यांनी ती मारली, समासात सही केली आणि पान स्वल्पविरामकडे सरकवले. कंपनीने आपल्याकडून शब्द काढला. आठवीच्या पुस्तकाच्या मंडळाने परिपत्रक पाठवून शिक्षकांना कळवले की हा शब्द चुकीचा असून मुलांनी उत्तरात लिहिल्यास गुण देऊ नयेत. वर्तमानपत्रांत चौकट आली: ‘नसलेला शब्द चोवीस वर्षे वापरला!’ पंधरा दिवस लोक त्यावर हसले.

ती चौकट ताईने वाचली होती. एका रविवारी ती मावशींचे पाय चेपत होती, बाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात बराच वेळ फोनवर बोलत उभे होते.

“किती उंबरतोय हा,” मावशी म्हणाल्या.

“आजी, असा शब्दच नाहीये,” ताई हसून म्हणाली. “पेपरात आलंय. कोणीतरी खोटाच बनवला होता, कोर्टाने सांगितलं.”

“कोर्टाला काय करायचंय आमच्या बोलण्याशी?”

“अहो खरंच. विचारा ना यांना, यांच्याच ऑफिसातलं आहे.”

मावशींनी खुर्चीतून मान वळवली. “काय गं? तू सांग हिला. तू त्यातली आहेस.”

बाईंच्या हातातली सुरी थांबली. ताई उत्तराची वाट बघत होती. तिचा भाऊ समोरच्याच इमारतीत एका वकिलाकडे कारकून होता, हे बाईंना माहीत होते.

“ताई म्हणते ते बरोबर आहे, मावशी. तसा शब्द नाही.”

“नाही?”

“नाही.”

मावशींनी हळू आवाजात, भांडणाचा सूर न लावता विचारले, “मग आई काय म्हणायची?”

“थांबू नका म्हणत असेल. किंवा ताटकळू नका.”

“असेल,” मावशी म्हणाल्या. “मला आता सगळं नीट आठवत नाही.” त्यांनी दाराकडे पाहिले. जिन्यातले गृहस्थ वर निघून गेले होते. “लाव ते दार,” त्या ताईला म्हणाल्या, “कोणी येत नाही आता.” ताईने दार लावले आणि बाईंनी उरलेली भाजी चिरली.